पाइप दिसतो, दाब मोजावा लागतो : उंच इमारतींतील अग्निशमन नळव्यवस्था

उंच इमारतीतील आग विझवायला लागणारे पाणी आग लागण्यापूर्वीच त्या इमारतीत असावे लागते. मुंबई अग्निशमन दलाकडची सर्वांत उंच हायड्रॉलिक शिडी सुमारे ९० मीटरपर्यंत जाते; लोअर परळमधील वर्ल्ड वन ही निवासी इमारत २८० मीटर उंच आहे. शिडी जिथे पोहोचते तिथेही पाणी बाहेरून, खिडकीवर मारले जाते. आग मात्र आतल्या खोलीत, पॅसेजमध्ये किंवा विजेच्या डक्टमध्ये असते. जिन्याने होज पाइप वर चढवत न्यायचा म्हटले, तर १५ मीटरचा एक होज दोन-अडीच मजल्यांतच संपतो. विसाव्या मजल्यापर्यंत जाण्यासाठी असे आठ-दहा होज एकाला एक जोडत न्यावे लागतील. तेवढ्या वेळात एका खोलीतील आग सगळ्या मजल्यावर पसरते.

म्हणून इमारतीत कायमचा उभा नळ बसवतात. त्याला रायझर म्हणतात. रायझर, त्याला पाणी पुरवणाऱ्या टाक्या, पाणी वर ढकलणारे पंप, मजल्यामजल्यावरचे व्हॉल्व्ह, होज आणि छतातील स्प्रिंकलर मिळून अग्निशमन नळव्यवस्था बनते. भारतात तिची रचना राष्ट्रीय इमारत संहिता २०१६ मधील अग्निसुरक्षेचा चौथा भाग आणि भारतीय मानक ब्युरोची मानके यांच्या आधारे होते. इमारतीतील हायड्रंट व होज रील यांच्यासाठी आयएस ३८४४ आणि स्प्रिंकलरसाठी आयएस १५१०५ ही प्रमुख मानके आहेत. संहितेनुसार १५ मीटर किंवा त्याहून उंच इमारत उंच इमारतींमध्ये मोडते.

लाल रंगाचा पाइप सर्वांना दिसतो. त्यातला दाब डोळ्यांना दिसत नाही, तो मोजावा लागतो. ही व्यवस्था बसवताना आणि सांभाळताना करायच्या जवळजवळ प्रत्येक गोष्टीचा हेतू एकच असतो : सर्वांत वरच्या, सर्वांत लांबच्या व्हॉल्व्हवर पुरेशा दाबाने पुरेसे पाणी मिळावे.

दाबाचा हिशोब

पाण्याचा १० मीटर उंच स्तंभ आपल्या तळाशी दर चौरस सेंटिमीटरवर साधारण एक किलो दाब देतो. या क्षेत्रातले लोक त्याला नुसते ‘एक किलो’ म्हणतात. याचाच अर्थ, पाणी १० मीटर वर चढवायचे तर एक किलो दाब फक्त चढण्यात खर्च होतो. इमारत ७० मीटर उंच असेल, तर सात किलो दाबाने पाणी कसेबसे गच्चीपर्यंत येईल. तिथे व्हॉल्व्ह उघडल्यास धार पडणार नाही.

आगीवर उपयोगी पडेल अशी धार मिळण्यासाठी सर्वांत वरच्या हायड्रंटवर पाणी वाहत असताना किमान साडेतीन किलो दाब असावा लागतो. ‘वाहत असताना’ ही अट महत्त्वाची आहे. व्हॉल्व्ह बंद असताना दाबमापक चांगला आकडा दाखवतो आणि पाणी वाहू लागताच तो आकडा कोसळतो. गंजून आतून अरुंद झालेला पाइप, अर्धवट उघडा राहिलेला व्हॉल्व्ह किंवा थकलेला पंप अशा वेळीच उघडा पडतो. सत्तर मीटरच्या इमारतीचा हिशोब मग असा होतो : चढण्यासाठी सात किलो, वरच्या टोकाला हवेत साडेतीन किलो आणि पाइप, बेंड व व्हॉल्व्ह यांच्या घर्षणात जाणारा समजा एक किलो. पंपाने साधारण साडेअकरा किलो दाब द्यायला हवा.

पाण्याच्या प्रमाणाचा हिशोबही तितकाच नेमका आहे. २० मिलिमीटर तोंडाच्या नोझलमधून साडेतीन किलो दाबाने मिनिटाला सुमारे ५०० लिटर पाणी बाहेर पडते. उंच इमारतींत नेहमी आढळणारा मुख्य पंप मिनिटाला २,२८० लिटर देतो, म्हणजे अशा चार धारा एका वेळी चालू शकतात. आता १५० मिलिमीटर व्यासाचा १०० मीटर उंच रायझर घेतला, तर त्याच्या पोटात जेमतेम १,९०० लिटर पाणी मावते. पंप पूर्ण क्षमतेने चालला तर हा साठा एका मिनिटाच्या आत संपेल. त्यामुळे पाइप पाण्याने भरलेला आहे एवढ्यावर समाधान मानता येत नाही. त्यामागे टाकी आणि पंप दोन्ही तयार असावे लागतात.

ओला आणि कोरडा रायझर

कोरडा, म्हणजे ड्राय रायझर एरवी रिकामा असतो. अग्निशमन गाडी आली की तळमजल्याच्या इनलेटला होज जोडून गाडीच्या पंपाने पाणी वर चढवले जाते. ही रचना सोपी आणि स्वस्त आहे, पण गाडी येईपर्यंत तिचा काही उपयोग नाही आणि तिची उंचीही मर्यादित आहे. गाडीच्या पंपाने १० किलो दाब दिला, तरी वर साडेतीन किलो शिल्लक ठेवून आणि घर्षण वजा करून पाणी ५०-६० मीटरपर्यंतच नेता येते. ब्रिटनमध्ये ५० मीटरपेक्षा उंच नव्या इमारतींना ओला रायझर लावण्याची अपेक्षा आहे, त्यामागे हेच गणित आहे.

ओला, म्हणजे वेट रायझर सदैव पाण्याने भरलेला आणि दाबाखाली असतो. व्हॉल्व्ह उघडताच पाणी येते. मध्यम उंचीच्या इमारतींत डाउनकमर नावाची रचना आढळते. तिच्यात पाणी गच्चीवरील टाकीतून खाली येते. मात्र वरच्या दोन-तीन मजल्यांना टाकीच्या उंचीचा फायदा जवळजवळ मिळत नाही, म्हणून गच्चीवर बूस्टर पंप लावावा लागतो. उंच इमारतींत बहुधा दोन्ही मिळून व्यवस्था असते : खालून मुख्य पंप आणि वरून टाकी व बूस्टर पंप. यांपैकी एक बाजू निकामी झाली तरी दुसरीकडून पाणी मिळत राहते.

प्रत्येक मजल्यावर रायझरला एक लँडिंग व्हॉल्व्ह असतो. त्याचे तोंड ६३ मिलिमीटरचे असते आणि होजचे कपलिंग त्यात दाबले की खटकन बसते. मोजमाप देशभर सारखे ठेवल्यामुळे कोणत्याही शहरातील अग्निशमन दलाचा होज कोणत्याही इमारतीतील व्हॉल्व्हला जोडता येतो. शेजारच्या लाल पेटीत साधारण १५ मीटरचे दोन होज आणि नोझल लावलेला ब्रांच पाइप ठेवतात. व्हॉल्व्हची जागा जिन्याच्या लॉबीत असते. जवान आग लागलेल्या मजल्याच्या खालच्या मजल्यावर, धुराबाहेर उभे राहून होज जोडतात आणि पाण्याने भरलेला होज घेऊन वर जातात. व्हॉल्व्ह फ्लॅटच्या आत किंवा लांबच्या पॅसेजमध्ये ठेवला, तर तो गाठण्यासाठीच धुरातून जावे लागेल.

याच रायझरला होज रीलही जोडलेले असते. चाकावर गुंडाळलेली ही बारीक रबरी नळी साधारण ३० मीटर लांब असते. तिची धार एका माणसाला सहज पेलते, त्यामुळे आग लहान असताना रहिवासी आणि सुरक्षारक्षक तीच वापरू शकतात. ६३ मिलिमीटरचा होज प्रशिक्षण नसलेल्या माणसाने हाती घेऊ नये. त्याचा धक्का माणसाला पाडू शकतो.

टाक्या आणि पंप

आगीसाठीचा पाणीसाठा किती असावा हे इमारतीची उंची आणि वापर यांवर ठरते. उंच निवासी इमारतींत भूमिगत टाकी लाखभर लिटरची किंवा त्याहून मोठी असते आणि गच्चीवर वेगळी छोटी टाकी असते. एक लाख लिटर पाणी २,२८० लिटरच्या पंपाला सुमारे ४४ मिनिटे पुरते. तेवढ्या वेळात अग्निशमन दलाने येऊन टँकर व रस्त्यावरील हायड्रंट यांतून पाणी जोडावे, असा त्यामागचा विचार आहे. म्हणून भूमिगत टाकीत बाहेरून पाणी भरण्याची आणि रायझरमध्ये थेट पाणी सोडण्याची तोंडे गाडीला जवळ जाता येईल अशा जागी, मोकळी आणि स्पष्ट पाटी लावून ठेवावी लागतात. त्यांच्यासमोर वाहने उभी केली, तर ४४ मिनिटांनंतर इमारत कोरडी पडते.

साठवलेले पाणी महिनोन् महिने तसेच राहिले तर खराब होते. त्यावरचा चांगला उपाय असा की महापालिकेचे पाणी आधी आगीच्या टाकीत घ्यायचे आणि ती भरून वाहिली की तिचे पाणी घरगुती वापराच्या टाकीत जाऊ द्यायचे. आगीचा साठा कायम पूर्ण राहतो आणि पाणीही बदलत राहते. उलट जोडणी केली, तर पाणीटंचाईच्या दिवसांत आगीची टाकी सर्वांत आधी रिकामी राहते.

पंपघरात सहसा तीन पंप असतात : विजेवरचा मुख्य पंप, तेवढ्याच क्षमतेचा डिझेल पंप आणि छोटा जॉकी पंप. वाहिनीत किरकोळ गळतीमुळे दाब थोडा उतरतो. तेवढ्यासाठी मोठा पंप सुरू होऊ नये म्हणून जॉकी पंप तो भरून काढतो. उदाहरणार्थ, वाहिनी साडेअकरा किलोवर ठेवली असेल तर साडेदहावर जॉकी सुरू होतो. कुठे हायड्रंट उघडला गेला तर जॉकीला पुरवठा झेपत नाही. दाब साडेनऊवर आला की मुख्य पंप सुरू होतो. वीज नसेल तर दाब आणखी उतरून डिझेल पंप सुरू होतो. जॉकी आपोआप थांबतो. मुख्य पंप मात्र एकदा सुरू झाला की माणसानेच थांबवायचा असतो. आग विझायच्या आधी यंत्रणेने स्वतःहून पंप बंद करू नये, यासाठी हा नियम आहे.

आग लागली की अग्निशमन दल सर्वप्रथम इमारतीचा वीजपुरवठा तोडायला सांगते. पंपाची वीज त्याच मुख्य स्विचमधून घेतलेली असेल, तर पंपही बंद पडतो. म्हणून पंपाची जोडणी मुख्य स्विचच्या आधीपासून, स्वतंत्र आणि आगीत टिकणाऱ्या केबलने घेतात. पंप पाण्याच्या पातळीच्या खाली असणे चांगले, म्हणजे त्यात पाणी आपोआप भरलेले राहते. पण त्यासाठी पंपघर तळघरात गेले, तर पुराचा विचार करावा लागतो. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि मुंबईतील असंख्य तळघरे बुडाली. अशा शहरात पंपघराला उंच उंबरठा, पाणी उपसणारा वेगळा पंप आणि उंचावर बसवलेले विजेचे पॅनेल हवेच.

पाइप बसवताना

रायझरसाठी जाड भिंतीचा पोलादी पाइप वापरतात. बाजारात तो ‘सी क्लास’ म्हणून ओळखला जातो. १५० मिलिमीटर व्यासाच्या अशा पाइपचे पाण्यासह वजन मीटरला सुमारे ४० किलो भरते. १०० मीटरचा रायझर म्हणजे चार टनांचा भार झाला. तो नुसत्या क्लॅम्पवर टांगता येत नाही. तळाशी भक्कम आधार आणि प्रत्येक मजल्यावर पकड द्यावी लागते. पंप अचानक सुरू किंवा बंद होताना पाण्याचा जो धक्का बसतो, तोही या आधारांनाच सोसावा लागतो.

वेल्डिंग करताना पाइपची टोके तिरपी घासून घेतात, म्हणजे सांधा पूर्ण जाडीत भरतो. वरवर भरलेला सांधा चाचणीत कदाचित टिकतो, पण काही वर्षांत तिथूनच गळती सुरू होते. स्लॅबमधून पाइप नेताना आधी मोठ्या व्यासाची स्लीव्ह बसवतात आणि मधली फट आगरोधक पदार्थाने भरतात. ही फट उघडी राहिली तर तिच्यातून धूर वरच्या मजल्यांवर चढतो. जमिनीखालच्या पाइपला गंजरोधक लेप आणि पट्ट्यांचे वेष्टन देतात. कोकण किनारपट्टी आणि मुंबईच्या खाऱ्या, दमट हवेत उघड्या पाइपवरही आधी गंज घासून प्रायमर आणि मग लाल रंग हे टप्पे गाळता येत नाहीत. गंजावरच दिलेला रंग एका पावसाळ्यात सुटतो.

रायझरच्या वरच्या टोकाला हवा बाहेर सोडणारा व्हॉल्व्ह बसवतात. पाइपमध्ये अडकलेली हवा दाबली जाते, त्यामुळे दाबमापक फसवे आकडे दाखवतो. शिवाय हवा आणि पाणी जिथे भेटतात तिथे गंज सर्वांत लवकर धरतो. पंपानंतर नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह असतो. पंप थांबला तरी चढलेले पाणी त्यामुळे मागे येत नाही. वाहिनीचे भाग वेगळे करणारे व्हॉल्व्ह उघडे आहेत की बंद, हे लांबून कळावे असे असतात. ते उघड्या स्थितीत साखळी-कुलूप लावून ठेवणे हा साधा आणि खात्रीचा उपाय आहे.

जोडणी पूर्ण झाल्यावर पाइप आतून जोरदार पाण्याने धुतात. वेल्डिंगचे तुकडे, वाळू, सिमेंट, गोणपाटाचे बोळे असे बरेच काही त्यातून निघते. हे राहिले तर पुढे नोझल किंवा स्प्रिंकलरच्या तोंडात अडकते. त्यानंतर दाबचाचणी होते. वाहिनीत चालू दाबाच्या दीडपट दाब भरून तो किमान दोन तास धरतात आणि प्रत्येक सांधा तपासतात. ही चाचणी भिंती व फॉल्स सीलिंग बंद होण्यापूर्वीच करावी लागते. नंतर गळती सापडली तर तयार काम फोडावे लागते.

बांधकाम चालू असतानाही आगीचा धोका असतो. शटरिंगचे लाकूड, रंग, वेल्डिंग आणि कामगारांच्या चुली एकाच ठिकाणी येतात. म्हणून इमारत चढेल तसा किमान १०० मिलिमीटरचा कोरडा रायझर मजल्यांबरोबर वर नेण्याची अपेक्षा संहितेत आहे.

जास्त दाबाची अडचण

सत्तर मीटरच्या इमारतीत पंपाने साडेअकरा किलो दाब दिला की वरच्या मजल्यावर साडेतीन किलो पोहोचतो. पण पहिल्या-दुसऱ्या मजल्यावर १० किलोंहून अधिक दाब असतो. २० मिलिमीटरच्या नोझलच्या तोंडाशी साडेतीन किलो दाब असेल तर जवानाला सुमारे २२ किलोंचा मागे रेटा बसतो. दाब सात किलो झाला की रेटा ४४ किलोंचा होतो आणि साडेदहा किलोंना ६६ किलोंचा. हातातून सुटलेला होज जवळच्या माणसाला गंभीर जखमी करू शकतो. त्यामुळे खालच्या मजल्यांवर दाब उतरवावा लागतो.

याचे दोन मार्ग आहेत. पहिला म्हणजे व्हॉल्व्हच्या मागे योग्य छिद्राची चकती, ऑरिफिस प्लेट, बसवणे. ती स्वस्त आहे, पण पाणी वाहत असतानाच काम करते; बंद वाहिनीतला दाब ती उतरवत नाही. दुसरा मार्ग म्हणजे दाब कमी करणारा व्हॉल्व्ह. तो वाहत्या आणि थांबलेल्या अशा दोन्ही स्थितींत दाब मर्यादेत ठेवतो, मात्र त्याची जुळवणी मजल्यानुसार वेगळी असते. खूप उंच इमारतींत याहून पुढे जाऊन इमारतीचे उभे विभाग पाडतात. मधल्या सेवा-मजल्यावर टाकी व पंप ठेवून वरच्या विभागाला तिथून पाणी देतात, म्हणजे तळाच्या पाइपवर २५-३० किलोंचा दाब येत नाही.

जुळवणी चुकल्यास काय होते हे अमेरिकेतील फिलाडेल्फियाच्या वन मेरिडियन प्लाझा या ३८ मजली इमारतीने दाखवून दिले. २३ फेब्रुवारी १९९१ रोजी बाविसाव्या मजल्यावर जवसाच्या तेलात भिजलेल्या चिंध्या आपोआप पेटल्या. जवान वेळेवर पोहोचले आणि त्यांनी मजल्यावरील व्हॉल्व्हना होज जोडले, पण धार अगदी कमजोर आली. दाब कमी करणाऱ्या व्हॉल्व्हची जुळवणी गरजेपेक्षा फार खाली केलेली होती आणि ती बदलण्यासाठी खास अवजारे लागत होती. वीजही गेली होती. जवानांना जिन्याने होज चढवत न्यावे लागले. तीन जवानांचा मृत्यू झाला आणि अखेर आतून आग विझवण्याचे काम सोडून द्यावे लागले. आठ मजले जळाल्यावर आग तिसाव्या मजल्यावर थांबली. त्या मजल्यावरील भाडेकरूने स्प्रिंकलर बसवून घेतले होते आणि त्यांपैकी दहा स्प्रिंकलर उघडले, तेवढे पुरेसे ठरले. इमारतीत पाइप होता, पाणी होते, पंपही होते. प्रत्येक मजल्यावर किती दाब मिळतो हे एकदा व्हॉल्व्ह उघडून मोजले असते, तर दोष आधीच सापडला असता.

स्प्रिंकलर

स्प्रिंकलर हे माणूस येण्याची वाट न पाहता पाणी सोडणारे तोंड आहे. त्याच्या मुखाशी द्रवाने भरलेली काचेची बारीक कुपी असते. खोलीच्या छतापाशी ठरावीक तापमान आले की द्रव प्रसरण पावून कुपी फुटते आणि पाणी सुरू होते. कुपीच्या रंगावरून तापमान कळते : नारिंगी ५७, लाल ६८, पिवळी ७९, हिरवी ९३ अंश सेल्सिअस. राहत्या व कार्यालयीन जागांत बहुधा लाल कुपी असते; स्वयंपाकघर किंवा बॉयलरजवळ त्याहून वरची घेतात. नेहमीच्या स्प्रिंकलरमधून एक किलो दाबाला मिनिटाला सुमारे ८० लिटर पाणी पडते.

एक स्प्रिंकलर फुटला की सगळे सुरू होतात, ही समजूत चुकीची आहे. ज्याच्यापाशी उष्णता पोहोचते तोच उघडतो. सिगारेटच्या किंवा फोडणीच्या धुराने तो फुटत नाही, कारण त्याला धूर कळतच नाही. मात्र त्याच्यावर रंग मारला, त्याला पताका किंवा दोरी बांधली, त्याच्याखाली नवे फॉल्स सीलिंग केले किंवा अगदी जवळपर्यंत सामान रचले, तर तो उशिरा उघडतो किंवा त्याचे पाणी आगीपर्यंत जात नाही. घराचे नूतनीकरण करताना स्प्रिंकलरची शाखा ‘तात्पुरती’ बंद करून बूच मारणे तर त्याहून घातक आहे. स्प्रिंकलर असूनही पाणी न सुटण्याचे सर्वांत मोठे कारण म्हणजे पुरवठा आधीच बंद करून ठेवलेला असणे, हे अमेरिकेतील राष्ट्रीय अग्निसंरक्षण संघटनेच्या पाहणीत सातत्याने दिसले आहे. दुरुस्तीसाठी बंद केलेला व्हॉल्व्ह पुन्हा उघडल्याची नोंद म्हणूनच लेखी ठेवावी लागते.

देखभालीचा क्रम

ही यंत्रणा वर्षानुवर्षे वापराविना उभी असते, म्हणून तिच्यातील दोष आपणहून समोर येत नाहीत. घरातील नळ बिघडला तर त्याच सकाळी कळते. रायझर बिघडला तर आगीच्या रात्री कळते. ती वेळ येऊ नये म्हणून तपासणीचे वेळापत्रक लागते.

रोज पाहायच्या गोष्टी थोड्या आहेत : पंपांचे स्विच ‘ऑटो’वर आहेत का, वाहिनीचा दाब ठरल्याइतका आहे का, टाक्या भरलेल्या आहेत का, मुख्य व्हॉल्व्ह उघडे आहेत का. आवाजाचा त्रास नको किंवा वीजबिल वाढू नये म्हणून स्विच ‘मॅन्युअल’वर टाकून ठेवणे हा नेहमी आढळणारा दोष आहे. जॉकी पंप दिवसातून किती वेळा सुरू होतो तेही लिहून ठेवावे. तो वारंवार सुरू होऊ लागला तर वाहिनीत कुठेतरी गळती आहे.

आठवड्यातून एकदा विजेचा आणि डिझेलचा पंप चालवतात. ते बटण दाबून सुरू करण्यापेक्षा वाहिनीतील दाब उतरवून आपोआप सुरू होतात का हे पाहणे योग्य, कारण आगीच्या वेळी तसेच घडायचे असते. डिझेल इंजिनाला अर्धा तास तरी चालू ठेवतात. ते सुरू न होण्यामागे बहुतेकदा उतरलेली बॅटरी असते.

दरमहा प्रत्येक मजल्यावरचा लँडिंग व्हॉल्व्ह उघडून-मिटून पाहतात. त्याचा स्पिंडल जाम झाला असेल तर तेल-ग्रीस करतात आणि सुकलेला वायसर बदलतात. होज पेटीतील सामान मोजतात. पितळी नोझल आणि गनमेटलचे व्हॉल्व्ह भंगारात चांगली किंमत मिळवून देतात, त्यामुळे ते चोरीला जातात. पेटीची काच शाबूत असली तरी आत नोझल असेलच असे नाही. पेटीत चपला, झाडू, जुनी वर्तमानपत्रे ठेवली जाणार नाहीत हेही पाहावे लागते. होज उलगडून, वाळवून पुन्हा वेगळ्या घडीवर गुंडाळतात. एकाच घडीवर वर्षे गेली तर तो तिथेच फुटतो.

वर्षातून एकदा होज दाबाखाली तपासतात, टाक्या साफ करतात आणि सर्वांत महत्त्वाची चाचणी घेतात : गच्चीवरच्या हायड्रंटला होज व नोझल लावून, पाणी वाहत असताना दाब मोजणे. इतर सर्व तपासण्यांचे फलित या एका आकड्यात उतरते. तो दरवर्षी थोडा थोडा कमी होत गेला, तर पाइप आतून गंजत आहे किंवा पंपाची झीज होत आहे. वाहिनी विनाकारण रिकामी करून पुन्हा भरणे मात्र टाळावे. प्रत्येक वेळी ताज्या पाण्याबरोबर नवा प्राणवायू आत जातो आणि गंज वाढवतो.

कायदा आणि जबाबदारी

महाराष्ट्रात या विषयाचा कायदा म्हणजे महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६. त्याखालील नियम २००९ मध्ये आले. अग्निशमन यंत्रणा बसवणे आणि ती सदैव चालू स्थितीत ठेवणे ही जबाबदारी कायद्याने मालकावर किंवा भोगवटादारावर टाकली आहे. सोसायटीत ती व्यवहारात व्यवस्थापक समितीकडे येते. बिल्डरने इमारत सुपूर्द केली आणि भोगवटा प्रमाणपत्र मिळाले की ही जबाबदारी संपत नाही. सोसायटीसाठी ती तिथून सुरू होते.

काम परवानाप्राप्त संस्थेकडूनच करून घ्यावे लागते. यंत्रणा बसवून झाल्यावर ती संस्था ‘नमुना अ’मध्ये प्रमाणपत्र देते. त्यानंतर दरवर्षी जानेवारीत आणि जुलैत यंत्रणा चालू स्थितीत असल्याचे ‘नमुना ब’ प्रमाणपत्र अग्निशमन दलाकडे सादर करायचे असते. हे प्रमाणपत्र पाहणीवर आधारलेले असले तरच त्याला अर्थ आहे. म्हणून समितीच्या एखाद्या सभासदाने चाचणीच्या वेळी स्वतः गच्चीवर उभे राहून धार आणि दाबमापक पाहणे आवश्यक आहे. वार्षिक देखभाल करार करतानाही कोणत्या चाचण्या, किती वेळा आणि कोणते आकडे लिहून द्यायचे हे करारातच नमूद करावे.

इमारतीतल्या माणसांना यंत्रणा वापरता यायला हवी. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ या जहाजावर झालेल्या स्फोटांत अग्निशमन दलाचे अनेक जवान मृत्युमुखी पडले. त्यांच्या स्मरणार्थ देशभर १४ एप्रिलला अग्निशमन सेवा दिन पाळतात आणि पुढचा आठवडा अग्निसुरक्षेच्या प्रसाराला देतात. सोसायटीने या आठवड्यात सराव ठेवावा. रात्रपाळीच्या सुरक्षारक्षकाला पंपघराची किल्ली कुठे आहे, पंप हाताने कसा सुरू करायचा आणि गाडी आल्यावर इनलेट कुठे दाखवायचे हे माहीत असावे. रहिवाशांना होज रील उलगडून पाणी सोडता यावे. आग एका वस्तूपुरती असेल तोवरच ती वापरावी; खोली पेटली असेल तर दार ओढून घेऊन जिन्याने खाली यावे आणि १०१ क्रमांकावर कळवावे.

व्यवस्थेची नोंदवही पंपघरात, कोणालाही पाहता येईल अशी ठेवावी. तिच्यात वाहिनीचा रोजचा दाब, पंप आपोआप सुरू झाल्याच्या तारखा, बंद केलेल्या आणि पुन्हा उघडलेल्या व्हॉल्व्हच्या नोंदी आणि सर्वांत वरच्या हायड्रंटवर वाहत्या पाण्याचा मोजलेला दाब या चार गोष्टी असाव्यात. शेवटचा आकडा साडेतीन किलो किंवा त्याहून जास्त असेल आणि तो गेल्या वर्षभरात मोजलेला असेल, तर ती इमारत आगीसाठी तयार आहे असे म्हणता येते.